चेक लाइटची प्रभावळ

अंथुर्ण्यात गाडी बंद पडली तर मिस्त्री सोडून सगळे हजर होतात. बंद न पडता नुसता दिवा लागला, तर मिस्त्रीसुद्धा येतो. बंद पडलेल्या गाडीत काम करावं लागतं. दिवा लागलेल्या गाडीत नुसतं मत दिलं तरी भागतं.

आमच्या गाडीचा दिवा ऐन उसाच्या हंगामात लागला. गाडी २०१३ सालची, पेट्रोलवरची, बारामती पासिंग, एमएच ४२. कंपनीचं नाव सांगत नाही. तिचा काही दोष नाही. आणि आमच्या घरात इतकी वर्षं नांदल्यावर कुणाच्याही स्वभावात फरक पडतोच. दिवा म्हणजे काट्यांच्या मधोमध उगवणारं ते पिवळं चित्र. कंपनीच्या मते ते इंजिन आहे. मुलीच्या मते ती पाणबुडी आहे. आणि आईच्या मते ती विहिरीतली मोटर आहे आणि ती जळालेली आहे. घरात कुठंही काहीही पिवळं-लाल लागलं की मोटर जळालेली असते, हा तिचा आयुष्यभराचा अनुभव असल्यामुळे तिच्याशी वाद घालता येत नाही.

बाकी गाडी चालत होती. पिकअप जरा कमी, सकाळी चालू केल्यावर पेट्रोलचा वास, आणि अ‍ॅव्हरेज मेहुण्यांना सांगण्यासारखं राहिलं नव्हतं. माणसाला एवढीच लक्षणं असती तर आम्ही त्याला ठणठणीत म्हटलं असतं आणि ऊस भरायला पाठवलं असतं.

पहिले मिस्त्री आले. त्यांनी बॉनेट उघडलं आणि म्हणाले, “रेस करा.” गाडीचं काहीही दुखत असो, मिस्त्री आधी रेस करायला सांगतात. मी रेस केली.

“बास. बंद करा.”

बंद केली.

“आता चालू करा.”

चालू केली.

“हे आधीपासनं असंच हाय का?”

“काय?”

“न्हाई, सहज इचारलं.” त्यांनी बॉनेट धाडकन लावलं. “सेन्सर.”

“कुठला सेन्सर?”

“सेन्सरच. आताच्या गाड्यात समदं सेन्सरच असतंय.”

मग त्यांनी बॅटरीचं एक टर्मिनल काढलं, त्या सुट्या टर्मिनलच्या साक्षीनं चहा घेतला आणि टर्मिनल परत बसवलं. दिवा गेला. आम्ही त्यांना पैसे दिले, वर वानवळा म्हणून पिशवीभर शेवग्याच्या शेंगा दिल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी लासुर्ण्याला पोचेपर्यंत दिवा पुन्हा हजर.

यात मिस्त्रींची लबाडी नव्हती. बॅटरी काढली की जुन्या गाडीच्या कॉम्प्युटरला मागचं काही आठवत नाही. तो कोऱ्या पाटीनं सुरुवात करतो, आणि यातल्या बहुतेक बिघाडांत एका खेपेला चूक दिसली तरी लगेच बोंब मारत नाही. सलग दुसऱ्या खेपेलाही तीच दिसली तरच दिवा लावतो. म्हणजे पहिली खेप मिस्त्रींच्या हिशेबाची आणि दुसरी आपल्या. ही सोय ज्या इंजिनिअरनं करून ठेवली, त्याच्या घरात कुणीतरी नक्की गॅरेजवाला असणार.

मग पुतण्या पुढं झाला. पुतण्या आयटीआयला आहे आणि त्यानं कुठूनशी काड्यापेटीएवढी निळी डबी मागवली होती. ती स्टिअरिंगखालच्या सोळा पिनांच्या खाचेत खोचायची, मोबाइलला जोडायची, की गाडी मनातलं बोलते. ती खाच म्हणजे काहीतरी निखळून पडल्याची जागा, असाच आमचा आजवर समज होता. आत बोट घातलं तर भुईमुगाची टरफलं निघाली. ती कुणी कोंबली याची चौकशी तिथल्या तिथं झाली आणि मुलगी पाणबुडीचा विषय काढून निसटली.

गाडी म्हणाली : पी शून्य एक तीन पाच.

पुतण्यानं वाचून दाखवलं, “बँक वन, सेन्सर वन, ओ टू सेन्सर हीटर सर्किट.”

शेजारच्या खाटेवर तात्या बसले होते. तात्या म्हणजे आमचे चुलते. सत्तरी ओलांडली तरी ऊस, राजकारण आणि इंजिन या तिन्ही खात्यांचा कारभार अजून त्यांच्याकडंच.

“कुठली बँक?” तात्यांनी मान वर केली. “आपलं तर सोसायटीचंच कर्ज हाय.”

“तात्या, बँक म्हणजे इंजिनाची एक बाजू.”

“आन हीटर? अंथुर्ण्यात गाडीला हीटर? हितं फेब्रुवारीपासनं कूलर लागतुया.”

पुतण्यानं मग समजावून सांगितलं, आणि ऐकता ऐकता मलाही ते सगळं आधीपासून माहीत असल्यासारखा मी मान हलवत राहिलो. इंजिनातून धूर बाहेर पडतो त्या नळीत, दिसायला स्पार्क प्लगसारखा, एक सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत झिर्कोनिया नावाच्या पदार्थाची इवलीशी टोपी. टोपीच्या एका अंगाला बाहेरची मोकळी हवा, दुसऱ्या अंगाला धूर. दोन्हीकडच्या ऑक्सिजनात जेवढी तफावत, तेवढी वीज ती टोपी तयार करते. वीज तरी किती, पुरता एक व्होल्टही नाही. पेट्रोल जास्त झालं आणि धुरात ऑक्सिजन उरलाच नाही, तर ०.९ च्या आसपास. हवा जास्त झाली, तर ०.१ च्या. एक किलो पेट्रोलला १४.७ किलो हवा हे प्रमाण साधावं म्हणून कॉम्प्युटर त्या आकड्याकडं बघत पेट्रोल कमी-जास्त करत राहतो. पण ही टोपी गार असताना काही बोलत नाही. तिला तीनशे अंशांच्या पुढं तापवावं लागतं, आणि धुरानं तापेपर्यंत वाट बघायला नको म्हणून तिच्या पोटात विजेचा हीटर. आमचा तोच गार पडला होता. त्यामुळे सेन्सर उशिरा जागा व्हायचा, आणि तोपर्यंत कॉम्प्युटर अंदाजानं पेट्रोल ओतायचा.

बॉशनं केलेला असा सेन्सर पहिल्यांदा १९७६ मध्ये व्होल्वोच्या गाडीत बसला, तोही अमेरिकेतल्या धुराच्या कायद्याच्या धाकानं. त्या काळात आमच्या तालुक्यात धूर हा गाडी चालू असल्याचा पुरावा होता.

पुतण्यानं मोबाइलवर आलेख दाखवला. चांगला सेन्सर कसा ओळखायचा? तर त्याची रेघ सतत खाली-वर, खाली-वर उड्या मारते. रेघ एका जागी स्थिर राहिली की सेन्सर गेला समजायचं.

तात्यांनी चष्मा लावून आलेख नीट बघितला. “म्हंजी जो एकाच बाजूला टिकून ऱ्हायला त्यो कामातनं गेला, आन जो घडोघडी हिकडनं तिकडं जातुया त्यो धडधाकट?”

“हो.”

“मग ह्यात आयटीआय कशाला लागतुया? ह्ये तालुक्यात समद्यास्नी ठावं हाय.”

बारामतीच्या एका ओळखीच्या गॅरेजवाल्याला फोन करायचं ठरलं. आमच्या घरी मोबाइलची रेंज ओट्याच्या रस्त्याकडच्या कोपऱ्यात येते, तीही मोठ्यानं बोललं तर. मी मोठ्यानं बोललो.

“हॅलो, अंथुर्ण्यातनं बोलतोय. ऑक्सिजनचा प्रॉब्लेम झालाय... हो, परवापासनं... सकाळी फार त्रास होतो, नंतर जरा बरं असतं... वय ना? वय झालंय की आता... पहिला गेलाय, दुसरा अजून चांगलाय... पुण्याला न्यावं लागेल का?”

२०२१ च्या उन्हाळ्यापासून आमच्याकडं ऑक्सिजन हा शब्द कुणी कुजबुजला तरी तीन घरं ऐकू जातो. मी तर ओरडलो होतो. पाचच मिनिटांत ओट्यापुढं चपलांचा ढीग पडला. कुणी बिस्किटाचा पुडा आणला, कुणी शहाळं. ‘पहिला गेलाय’ हे वाक्य ज्यांच्या कानावर पडलं होतं, त्यांनी हातात काहीच आणलं नव्हतं. ते नुसते खाली मान घालून बसले. पलीकडच्या काकूंनी तर त्या साथीतलं बोटाला लावायचं यंत्र फडक्यात गुंडाळून आणलं होतं. “आधी ह्ये लावून बघा,” त्या म्हणाल्या, “नव्वदच्या खाली असंल तर मग हलवा.”

गाडीचा ऑक्सिजन आहे हे कळल्यावर थोडा वेळ कुणी बोललं नाही. आईला बोळातून सुखरूप येताना बघून काही जणांच्या तोंडावर, खरं सांगतो, हिरमोड दिसला. काकूंनी यंत्र पुन्हा फडक्यात गुंडाळलं. शहाळं ज्यानं आणलं होतं त्यानंच फोडून प्यायलं. गाडी पीत नाही म्हटल्यावर वाया कशाला घालवायचं? आणि एवढं आल्यासारखं सगळ्यांनी गाडीची भेट घेतली. प्रत्येकानं बॉनेटमध्ये डोकावून, ज्या पाइपापर्यंत हात पोचेल तो पाइप हलवून बघितला.

तात्यांना या सगळ्याचा राग एकाच कारणानं येत होता. जंक्शनवरून वळलं की पलीकडं वालचंदनगर. ज्या वालचंद हिराचंदांच्या नावानं ते गाव आहे, त्यांनीच १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली आणि पुढं कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट आणि मग पद्मिनी रस्त्यावर आली. त्यामुळे पद्मिनी ही जवळपास आमच्या पंचक्रोशीतलीच लेक, असं तात्या धरून चालतात. त्यांनी ती काही वर्षं चालवलीही. “तिला कुठं व्हता सेन्सर?” तात्या म्हणतात. “न्हाई चालू झाली तर चोक वढायचा. चोकनं न्हाई झाली तर ढकलायची. ढकलून न्हाई झाली तर बैलं जुपायची. कोड-बिड काय न्हाई. वास आला तर पेट्रोल, धूर आला तर आईल, आन आवाज आला तर सासरवाडीला जायाचं रद्द करायचं.” आज त्याच वालचंदनगरात इस्रोच्या अग्निबाणांचे भाग तयार होतात, आणि त्याच्या शेजारच्या गावात आमचं अख्खं खानदान एका पिवळ्या बल्बाभोवती बसलेलं.

एव्हाना एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. सगळ्यांचं भांडण दिव्याशी होतं. हीटरची कुणाला काही पडलेली नव्हती. दुसरे मिस्त्री म्हणाले, “हीटरच्या वायरीत एक रेझिस्टन्स टाकतो. गाडीला वाटंल हीटर चालू हाय.”

“पण हीटर?”

“हीटर कशाला पायजे? दिवा जातोय न्हवं?”

गॅस कीट बसवणारा एकजण म्हणाला, “सीएनजी करून टाका. आपल्या कीटात एक डबी असती, ती सेन्सरच्या नावानं कॉम्प्युटरला सिग्नल पाठवती. कॉम्प्युटर खूश, तुम्ही खूश.” थोडक्यात, गाडीला खोटं बोलायला शिकवायचं, आणि त्याची मजुरी द्यायची. पीयूसीवाल्यापुढं मी दिव्याचा विषय काढला, तर तो नळी खोचता खोचता म्हणाला, “दिवा आमच्याकडं येत न्हाई. आमच्याकडं फक्त धूर येतो.”

शेवटी इंदापूरच्या दाजींनी तोडगा काढला. दाजी बिनपैशाचे तोडगे काढतात आणि त्याचे पैसे नंतर आम्हाला पडतात. त्यांनी पंढरपूरहून आणलेला विठोबाचा स्टिकर नेमका त्या दिव्यावर डकवला. दिवसा छानच दिसायचं. रात्री मात्र स्टिकरच्या कडांमधून पिवळा उजेड झिरपायचा आणि कमरेवर हात ठेवलेला विठोबा डॅशबोर्डवर लखलखायचा. निमगाव केतकीला एका साखरपुड्याहून परत येताना यंत्रवाल्या काकू पुढच्या सीटवर होत्या. अंधार पडला, आणि त्यांनी एकदम हात जोडले.

“बाई गं! प्रभावळ हाय की वो तुमच्या इठोबाला!”

आता हा पी शून्य एक तीन पाच आहे हे त्यांना कुणी सांगायचं? तुकोबांची पालखी ज्या रस्त्यानं जाते त्याच रस्त्यावर आम्ही होतो. त्यांनी कनवटीचे अकरा रुपये काढून स्टिकरपुढं ठेवले. गाडीनं मिळवलेला तो पहिला पैसा.

पण अ‍ॅव्हरेज काही विठोबाच्या हातात नव्हतं. तेव्हा सेन्सर बदलायचं ठरलं. बारामतीत दुकानदारानं काउंटरवर तीन खोकी मांडली. हा ओरिजिनल, हा लोकल, आणि हा (इथं त्यानं आवाज खाली आणला) डुप्लिकेटमधला ओरिजिनल. आम्ही मधल्या किमतीचा घेतला, कारण मध्यमवर्गीय माणूस दुसरं काय घेणार?

जुना काढायला बावीसचा पाना लागतो. पाना लागला, पण सेन्सर हलेना. इतक्या वर्षांच्या उष्णतेनं त्याचे आटे नळीशी एकजीव झाले होते. गंजाचा स्प्रे मारला. इंजिन तापवून बघितलं. पान्याला जॅकचा दांडा जोडला. शेवटी उसाच्या ट्रकवरचा एक ड्रायव्हर रस्त्यानं चालला होता त्याला बोलावलं. त्यानं तंबाखू थुंकली, दांड्याला लोंबकळला, आणि ‘कर्रर्र’ असा आवाज आला. जमलेल्या मंडळींनी ‘तुटला’ आणि ‘सुटला’ असे दोन पक्ष केले. सुटला होता. टोकावर काळी, कोरडी काजळी. वरून चार वायरी : दोन पांढऱ्या, एक काळी, एक करडी. नवा बसवला, कपलर टचकन लावला, गाडी चालू केली, गावाला एक फेरी मारली, दुसरी मारली.

दिवा लागला.

कुणीच काही बोललं नाही. ट्रकवाला म्हणाला, “माझं काम सोडवायचं व्हतं,” आणि गेला.

पुतण्यानं मग जुना सेन्सर उचलला आणि त्याच्या दोन पांढऱ्या वायरींना मल्टिमीटर लावला. सहा-सात ओहम. हीटरची तार तुटली असती तर मीटर काहीच बोलला नसता. म्हणजे जुना हीटर शाबूत होता. आम्ही साडेतीन हजार देऊन निरोगी माणसाला निवृत्त केलं होतं. मग त्यानं गाडीकडच्या कपलरला मीटर लावला. तिथं किल्ली फिरवल्यावर बारा व्होल्ट यायला हवेत. शून्य. म्हणजे सेन्सर बिचारा तयार होता, त्याला वीजच नव्हती. ही गोष्ट महावितरणच्या प्रदेशात कुणालाच कशी सुचली नाही?

फ्यूजच्या डबीचं झाकण उघडलं. झाकणाच्या आत बारीक अक्षरांत प्रत्येक फ्यूजचं नाव. ‘ओ टू हीटर’ लिहिलेलं घर रिकामं. आणि त्याच्या शेजारी, ‘हॉर्न’ लिहिलेल्या घरात, एक पंधरा अँपिअरचा निळा फ्यूज मोठ्या दिमाखात बसलेला.

वायरमनला बोलावलं. त्याला सगळं नीट आठवत होतं. दिवाळीनंतर आमचा हॉर्न बंद पडला होता. हॉर्नचा फ्यूज उडालेला, सुटा फ्यूज जवळ नाही, दुकान लांब.

“मग एक बिनकामाचा काढला आन हॉर्नला घातला,” तो म्हणाला.

“बिनकामाचा कसा रे? ऑक्सिजनचा होता तो.”

“काढल्यावर गाडी बंद पडली का?”

“नाही.”

“मग?”

यावर उत्तर नाही. आणि त्याचं तरी काय चुकलं म्हणा? हंगामात आमच्या रस्त्यावर हॉर्नशिवाय गाडी काढून दाखवा. पुढं दोन ट्रॉल्या जोडलेला ट्रॅक्टर, उसाची वाढी दोन्ही बाजूंनी रस्त्यावर लोळतायत, मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, आणि ड्रायव्हरच्या कानाशी खोलीभर मोठे स्पीकर. हॉर्न त्याला ऐकू जात नाही हे सगळ्यांना माहीत असतं. तरी आपण वाजवतो. तो बाजूला होत नाही, पण आपलं रक्त मोकळं होतं. ऑक्सिजन का हॉर्न असा प्रश्न उभा राहिला, तर भवानीनगरपासून इंदापूरपर्यंतचा एकही माणूस ऑक्सिजनच्या बाजूनं मत देणार नाही.

फ्यूज दहा रुपयांचा होता. दुकानदाराकडं सुटे नव्हते म्हणून त्यानं वीस रुपयांत दोन दिले.

फ्यूज बसला, हीटर तापला, सेन्सर कितीतरी महिन्यांनी वेळेवर जागा झाला, आणि जागा झाल्या झाल्या त्यानं दुसरी तक्रार केली. पी शून्य एक सात एक. हवा जास्त, पेट्रोल कमी.

ही बातमी महामार्गावरच्या चहाच्या टपरीवर पोचली आणि मग जे झालं त्यात गाडी नावालाच उरली. हवा जास्त का? ज्याचं पंपावर भांडण झालं होतं तो म्हणाला, पेट्रोलमध्ये भेसळ. ज्याची जमीन पालखी मार्गाच्या चौपदरीकरणात गेली होती तो म्हणाला, रस्त्याच्या धुळीनं फिल्टर चोंदला. मागच्या निवडणुकीत पडलेला एकजण म्हणाला, त्या वेळेपासनंच सगळं बिघडलंय. आणि तात्या म्हणाले, “इथेनॉल.”

तात्यांचं म्हणणं अगदीच हवेतलं नव्हतं. पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल २०२३ च्या फेब्रुवारीत काही पंपांवर आलं आणि २०२५ पर्यंत देशभर तेच झालं. इथेनॉलच्या वजनात जवळजवळ पस्तीस टक्के ऑक्सिजनच असतो. त्याला जळायला हवा कमी लागते. किलोला नऊच किलो. पेट्रोलच्या हिशेबानं हवा मोजणाऱ्या जुन्या गाडीला ती हवा उरलेली दिसते आणि कॉम्प्युटर पेट्रोल वाढवतो. ब्राझीलमध्ये २००३ पासून कितीही इथेनॉल चालणाऱ्या गाड्या निघाल्या, त्या टाकीत किती इथेनॉल आहे ते याच ऑक्सिजन सेन्सरवरून ओळखतात. म्हणजे आमच्या फडातला ऊस कारखान्यात गेला, त्याच्या रसाचं आणि मळीचं इथेनॉल झालं, ते पेट्रोलमध्ये मिसळलं, पंपावरून आमच्याच टाकीत आलं आणि नळीतल्या टोपीला म्हणालं, ओळखलंस का?

“बंद केलं पायजे ह्ये इथेनॉल!” तात्यांनी कप आपटला. “गाड्यांचं वाटुळं चाललंय.”

तेवढ्यात कुणीतरी पेपरातून वाचलं की इथेनॉलच्या खरेदीचा दर वाढवून द्यावा अशी मागणी आहे.

“दिलाच पायजे,” तात्या म्हणाले. “त्याबिगर उसाला दर कुठनं द्यायचा?”

“तात्या, आत्ताच तुम्ही म्हणालात बंद करा म्हणून.”

“पेट्रोलात बंद करा म्हणलं. कारखान्यात न्हाई.”

मग ते करायचं आणि ठेवायचं कुठं, हे विचारायचं कुणाच्या मनात आलं नाही, कारण टपरीवरच्या प्रत्येकाचा ऊस गेला होता आणि प्रत्येकाची गाडी बाहेर उभी होती. तात्यांची मघाची रेघ ०.१ वरून ०.९ वर गेली होती. सेन्सर तंदुरुस्त.

पुतण्याचं मत वेगळं होतं. नुसत्या इथेनॉलनं सहसा दिवा लागत नाही, तेवढं कॉम्प्युटर सांभाळून घेतो. आधीच कुठून चोरटी हवा शिरत असेल तर भर पडते. त्यानं चालू इंजिनवर एकेका रबरी पाइपाशी कार्ब्युरेटर साफ करायचा स्प्रे फवारला आणि एका जागी इंजिनचा आवाज बदलला. पाइपाच्या खालच्या अंगाला बारीक दातांची नक्षी. शेजारचा फड तुटला की उंदीर वस्तीवर येतात, आणि थंडीच्या रात्री बॉनेटखालच्या उबेइतकी चांगली जागा त्यांना गावात दुसरी नाही. पाइप बदलला. दिवा गेला तो गेलाच.

स्टिकर तसाच राहिला. पुढं एकदा काकू रात्रीच्या गाडीत बसल्या, बराच वेळ विठोबाकडं बघत राहिल्या आणि मग हळूच म्हणाल्या, “काय चुकलं का वो तुमच्याकडनं काही? प्रभावळ गेली की.” त्या वेळी त्यांनी पैसे ठेवले नाहीत.

निळ्या डबीची कीर्ती मात्र पसरली. आता रविवारी आमच्या दारात गाड्या लागतात. कुणाच्या गाडीत कोड निघाला की तो खट्टू होतो, आणि नाही निघाला तर जास्तच खट्टू होतो. “एवढ्या लांबनं आलो आन काहीच न्हाई?” एकानं बायकोच्या स्कूटीला लावून बघायला सांगितलं. एकजण बोअरची मोटर ट्रॉलीत घालून घेऊन आला. आईनं त्याला लांबूनच सांगितलं, जळालीय.

परवा तात्या बराच वेळ ती डबी तळहातावर घेऊन बसले होते. समोरून कारखान्याकडं ट्रॉल्या चालल्या होत्या.

“ही कशालाबी लागती?”

“ज्याला खाच असेल त्याला,” पुतण्या म्हणाला.

“वजनकाट्याला लागंल का? उसाचा काटा झाला की आपलं टनेज वाटंत कुठं गळतंय ते दावंल?”

“नाही तात्या. वजनकाट्याला खाच ठेवलेली नसते.”

“ठेवतील कशी?” असं म्हणून तात्यांनी डबी त्याच्या हातात परत दिली.